हौसाबाईंचा आरसा

“आजी, मान जरा इकडे वळवा. आणि केळी खाली ठेवू नका, हातातच असू द्या.”

खाटेवरच्या म्हातारीने मान वळवली. केळ्यांचा घड एका बाजूने तिच्या हातात होता आणि दुसऱ्या बाजूने सभापती आबासाहेबांच्या. मी बटण दाबेपर्यंत दोघांनीही तो सोडायचा नाही, असा दंडकच होता. आबासाहेबांचा पन्नासावा वाढदिवस होता आणि त्यानिमित्त सरकारी दवाखान्यात रुग्णांना फळवाटप चाललं होतं.

साल चौऱ्याऐंशी. तालुक्याच्या गावात एस.टी. स्टँडसमोर माझा फोटो स्टुडिओ होता. मी सत्तावीस वर्षांचा, एकटा. स्टुडिओच्या मागच्या खोलीत राहायचो, खानावळीत जेवायचो आणि जिल्ह्याच्या दैनिकाला फोटो पाठवायचो. पाकीट कंडक्टरच्या हातात दिलं, की तिसऱ्या दिवशी फोटो पेपरात. गावातल्या यच्चयावत लग्नांना मी हजर असे. पण एरवी कुणी ‘या हो घरी, चहाला’ म्हणून बोलावल्याचं मला आठवत नाही.

फ्लॅश उडाला. आबासाहेबांनी घड सोडला आणि ते पुढच्या खाटेकडे सरकले. मीही निघालो, तर म्हातारीने माझ्या शर्टाची बाही धरली.

“ह्यो फोटू पेपरात येनार?”

“येणार की.”

“आमच्या करंजवाडीत येतो त्यो पेपर. चावडीत वाचत्यात. माजं त्वांड नीट येऊ द्या, बाबा. माजा ल्योक हाय तितं.”

“येईल, येईल,” मी म्हणालो. हे मी सगळ्यांनाच म्हणायचो.

स्टुडिओत येऊन रीळ धुतलं. आबासाहेबांनी प्रत्येक फोटोत डोळे मिटले होते. पुण्यवान माणसासारखे मिटले होते, पण मिटले होते. फक्त त्या म्हातारीच्या, नऊ नंबरच्या खाटेजवळ ते उघडे होते. म्हणून मी तोच फोटो पाठवला आणि मनात म्हटलं, चला, म्हातारीचंही काम झालं.

तिसऱ्या दिवशी पेपर उघडला. फोटो दोन कॉलमात बसेना, म्हणून दैनिकवाल्यांनी तो एका बाजूने कापला होता. आबासाहेब आख्खे होते, केळी आख्खी होती. म्हातारीचा मात्र कोपरापासून पुढचा हात आणि कोपराला टेकलेली दुसऱ्या हाताची बोटं तेवढी उरली होती.

मला काही दवाखान्यात जायची गरज नव्हती. पण दवाखान्याला फोटोची एक प्रत द्यायची होती, आणि त्या दिवशी दुपारी कुणी गिऱ्हाईकही नव्हतं. भेटायची वेळ चार ते सहा. मी चार वाजता गेलो.

बायकांच्या वॉर्डात भेटायला येणाऱ्यांची झुंबड होती. डबे उघडले जात होते, मोसंबी सोलली जात होती, ‘डॉक्टर काय म्हणाले’ आणि ‘आमच्या मावशींनाही असंच झालं होतं’ चाललं होतं. नऊ नंबरच्या खाटेजवळचं स्टूल रिकामं होतं. ते नेहमीच रिकामं असणार, कारण शेजारच्या खाटेवाले बिनदिक्कत ते ओढून नेत आणि परत आणून ठेवत.

म्हातारीचं नाव हौसाबाई. खुब्याचं हाड मोडलं होतं. पाय ओढून धरण्यासाठी खाटेच्या पायथ्याला कप्पी लावली होती, कप्पीवरून दोरी आणि दोरीच्या टोकाला दोन विटा लोंबत होत्या. त्या विटांच्या ओढीने हाड जागेवर यायचं होतं. त्याला दीड-दोन महिने लागणार होते आणि तोवर कुशीवरही वळायचं नव्हतं. त्यातून खाट अशी लावलेली, की दार नेमकं डोक्यामागे. आलेलं माणूस पुढे येऊन उभं राहीपर्यंत त्यांना दिसायचं नाही. पाऊल वाजलं, की त्या भुवया वर करून मागे बघायचा प्रयत्न करायच्या.

“आला का फोटू?” मला ओळखल्याबरोबर त्यांनी विचारलं.

मी पेपर त्यांच्यापुढे धरला. त्यांनी बराच वेळ बघितलं.

“ह्यो हात माजा हाय,” त्या म्हणाल्या. “पन त्वांड कुटं हाय?”

“पेपरवाल्यांनी कापलं, आजी.”

मला फारच ओशाळल्यासारखं झालं. मी म्हणालो, “तरी ओळखेल तो. आईचा हात ओळखणार नाही होय?”

“वळखंल म्हनता?”

“का नाही ओळखणार?”

त्यांचा चेहरा उजळला. “मंग येईल चार-दोन दिवसांत,” त्या म्हणाल्या. “भानू वाईट न्हाई वो. ओट्यावरनं माजा पाय निसटला, तवा त्येनंच तर मला उचलून जीपीत घातली. कामाचा लई तगादा आसतो त्येला.”

बाहेर पडताना साळवे सिस्टर भेटल्या. वॉर्डात त्यांच्या आवाजाचा दरारा होता. “त्या आजींकडे बसला होतात? बरं केलंत,” त्या म्हणाल्या. “मुलगा दाखल करून गेला तो गेलाच. महिना होत आला. त्यांच्याकडे कुणी आलेलं मी पाहिलं नाही.”

मग मी दुसऱ्या दिवशीही गेलो. तिसऱ्याही. कुणी विचारलंच तर सांगायला एक कारण होतं, की माझ्या फोटोतून त्यांचं तोंड कापलं गेलं. खरं सांगायचं तर चार वाजले, की मला कुठेतरी जायचं असायचं आणि ही एवढीच एक जागा होती. हौसाबाई मला शेरडांच्या गोष्टी सांगायच्या, नातवाच्या, पाटाच्या पाण्याच्या. मी त्यांना लग्नातल्या गमती सांगायचो. मधूनच पाऊल वाजलं, की आमचं बोलणं थांबे. पाऊल दुसऱ्या खाटेकडे गेलं, की पुन्हा सुरू होई.

आठवा दिवस असेल. येताना स्टँडजवळ शहाळी दिसली, म्हणून एक घेतलं. गेलो तर हौसाबाई झोपल्या होत्या. मी शहाळं खाटेजवळच्या कपाटावर ठेवलं आणि बसून राहिलो. सहाला पाच मिनिटं असताना घंटा झाली, भेटायला आलेली माणसं उठली आणि त्या गडबडीने त्यांना जाग आली. रिकामा होत चाललेला वॉर्ड त्यांनी बघितला. मग माझ्याकडे बघितलं.

“कुनी आलतं का?”

हा प्रश्न त्या रोज विचारायच्या आणि मी रोज ‘नाही’ म्हणायचो. पण त्या दिवशी त्या झोपेतून उठलेल्या, डोळे लहान मुलासारखे, आणि आवाज असा की माझ्याच्याने ‘नाही’ म्हणवेना. नजर शहाळ्यावर गेली.

“आला होता,” मी म्हणालो. “भानुदास. तुम्ही झोपला होता. मी उठवत होतो, तर म्हणाला, उठवू नका, झोपू द्या आईला. हे शहाळं ठेवून गेला.”

इतकं सहज खोटं मी त्याआधी कधी बोललो नव्हतो.

हौसाबाईंनी शहाळ्याकडे हात केला. मी ते त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते पोटाशी धरलं.

“कसा दिसत हुता?”

“चांगला होता की. पांढरा शर्ट, टोपी…”

“टोपी?” त्या थांबल्या. “भानूनं टोपी घातली? त्येला टोपीचा लई राग.” मग त्याच पुढे म्हणाल्या, “बायकूनं घालाय लावली आसंल. उनाचं. बरं झालं.”

शहाळं फोडू का, म्हणून मी विचारलं, तर नको म्हणाल्या. जरा वेळाने म्हणाल्या, “बाबा, त्यो पुना येईल. दार माज्या मागं. मला कसं कळावं?”

आणि मला एक भारी कल्पना सुचली. माझ्या स्टुडिओत गिऱ्हाइकांना भांग पाडायला एक आरसा होता, लाकडी चौकटीचा, हातभर लांब. दुसऱ्या दिवशी मी तो घेऊन गेलो आणि हौसाबाईंच्या पायथ्याकडच्या खिडकीच्या गजाला सुतळीने बांधला. वर-खाली, डावीकडे-उजवीकडे करत शेवटी असा बसवला, की पडल्या-पडल्या त्यांना मागचं दार आख्खं दिसावं.

“दिसतंय का?”

“दिसतंया!” त्या हसल्या. “त्यो बगा पोऱ्या चहाची किटली घिऊन आला. त्या बगा सिस्टरबाई. आग्गं बाई, समदं दिसतंया!”

त्या दिवशी मी खानावळीत एक पोळी जास्त खाल्ली. एवढा मी स्वतःवर खूश होतो.

चार दिवसांनी साळवे सिस्टरांनी मला वॉर्डाच्या बाहेरच अडवलं. त्यांनी मूठ उघडली. तळहातावर चार-पाच पांढऱ्या गोळ्या, अर्धवट विरघळलेल्या.

“झोपेच्या आहेत. आजींच्या उशीखाली सापडल्या. तोंडात ठेवतात, मी वळले की काढून लपवतात. चार दिवस झोपल्या नाहीत त्या. दिवसा नाही, रात्री नाही. त्या आरशाकडे बघत पडून राहतात. रक्तदाब बघा कुठे गेलाय, अंगात ताप आहे. डॉक्टर माझ्यावर ओरडले. मी त्यांना विचारलं, का झोपत नाही, तर म्हणाल्या, झोपले की ल्योक येऊन जातो.” सिस्टरांनी माझ्याकडे रोखून बघितलं. “कोण आलं होतं त्यांच्याकडे? मी रोज ड्यूटीवर आहे. मला तर कुणी दिसलं नाही.”

मी सगळं सांगितलं. सिस्टर चिडतील असं वाटलं होतं. त्या नुसत्या थकल्यासारख्या झाल्या.

“जा आणि खरं सांगा,” त्या म्हणाल्या. “आत्ताच्या आत्ता. या वयाचं माणूस असं आणखी चार दिवस काढत नाही.”

हौसाबाईंचे डोळे तांबारले होते. ओठ सुकले होते. आरशात मी दिसलो तसा त्यांनी हात वर केला. मी स्टुलावर बसलो. शहाळं अजून त्यांच्या कुशीजवळ होतं.

“आजी, मी खोटं बोललो. भानुदास आला नव्हता. शहाळं मीच आणलं होतं.”

शेजारच्या खाटेवर कुणीतरी बेडशीट झटकत होतं. हौसाबाईंनी तिकडे बघितलं, मग छताकडे.

“कदीच न्हाई आला?”

“नाही.”

“बरं,” त्या म्हणाल्या. मग शहाळं माझ्याकडे सरकवलं. “ह्ये फोडा. कडंच्या बायकांस्नी द्या घोट-घोट. वाया जायाचं उगं.” जरा वेळाने म्हणाल्या, “आन त्यो आरसा काढा.”

“उद्या काढतो, आजी.”

त्यांनी डोळे मिटले. सिस्टर गोळी घेऊन आल्या, तर त्यांनी निमूट तोंड उघडलं आणि गिळली. पाच मिनिटांत त्या झोपल्या. सिस्टर म्हणाल्या, “चला, सुटलो.” पण मला ती झोप बघवेना. कुणाचीच वाट बघायची नसलेल्या माणसाची झोप होती ती, आणि ती मी आणली होती.

दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडलंच नाही. कॅमेरा सवयीने खांद्याला अडकवला आणि साडेदहाच्या एस.टी.ने करंजवाडीला गेलो. पाऊण तासाचा रस्ता. बसमध्ये मी भानुदासला काय-काय सुनवायचं त्याची उजळणी करत होतो. लाज वाटत नाही का, इथपासून सुरुवात होती.

घर स्टँडपासून जवळच, रस्त्याला लागून होतं. ओट्यावर पस्तिशीचा एक माणूस दोर वळत बसला होता. उघडा-बोडका, डोक्यावर दाट केस. मी विचारलं, “भानुदास कोण?”

“मीच. का वो?”

“मी तालुक्याहून आलो. दवाखान्यातून. तुमच्या आई…”

दोर टाकून तो ताडकन उठला. “गेली?”

“नाही, नाही. आहेत. पण महिना होऊन गेला, तुम्ही एकदाही फिरकला नाहीत. पाऊण तासाचा तर रस्ता आहे! बाई तिथे डोळ्यांत प्राण आणून…”

माझी सगळी उजळणी त्याने ऐकून घेतली. मी दम घ्यायला थांबलो, तेव्हा त्याने हळूच विचारलं, “ती कशी पडली म्हनती?”

“म्हणजे?”

“दवाखान्यात. लोकास्नी काय सांगती, कशी पडली?”

“ओट्यावरून पाय निसटला म्हणतात. आणि तुम्हीच उचलून जीपमध्ये घातलंत, हे कौतुकाने सांगतात.”

तो मटकन ओट्यावर बसला. घरातून त्याची बायको दारापर्यंत आली होती, ती परत आत गेली.

“पाय न्हाई निसटला,” भानुदास म्हणाला. “म्या ढकलली. तिनं शेरडू नीट बांदलं न्हाई, त्येनं समदी वांग्याची रोपं खाल्ली. मी वराडलो, तीबी वराडली. मंग ‘हो बाजूला’ म्हनून म्या हात मारला आन ती ओट्यावरनं खाली ग्येली. काटकीवानी आवाज झाला बगा. आजून ऐकू येतो.” त्याने दोन्ही हातांनी तोंड पुसलं. “पेपरातला हात वळखला म्या. आई कुनाकडनं कायबी घेताना डावा हात कोपराला लावती. तसाच लावला हुता. रोज ठरवितो, उद्या जायाचं. रोज ही साडेधाची येस्टी हितनं वळती, मी बगत बसतो. तितं जाऊन त्वांड कसं दावू? चार मानसांत ती म्हनली, ह्योच त्यो, तर?”

जे सुनवायला आलो होतो ते सगळं निरुपयोगी झालं होतं.

“त्या कुणालाही तसं म्हणाल्या नाहीत,” मी म्हणालो. “चला.”

परतीची पुढची गाडी साडेतीनची होती. तिच्यात तो खिडकीबाहेर बघत राहिला. स्टँडवर उतरल्यावर त्याने शहाळं घेतलं. मी घेतलं होतं त्याच गाड्यावरून. मी काहीच सांगितलं नाही.

वॉर्डात पोचलो तेव्हा साडेचार झाले होते. हौसाबाई झोपल्या होत्या. साचलेली झोप ती, घोरत होत्या. भानुदास दारातच थबकला. लोंबणाऱ्या विटा, दोरी, कप्पी आणि चादरीबाहेर आलेलं वाळकं पाऊल हे सगळं त्याने एकेक करून बघितलं. मग स्टुलावर बसला आणि त्यांचा हात हातात घेतला.

मी म्हणालो, “आजी…”

“उटवू नगा,” तो म्हणाला. “झोपू द्या तिला.”

माझेच शब्द होते ते, मी त्याच्या तोंडी घातलेले.

तासभर तो तसाच बसला होता. मग त्याने खाली वाकून कपाळ आईच्या हाताला टेकवलं आणि त्याचे खांदे हलू लागले. मी दारात उभा होतो. कॅमेरा डोळ्याला लावला. फ्लॅश लावला असता तर सिस्टरांनी मला जिवंत सोडलं नसतं. खिडकीचं ऊन होतं, तेवढ्यावर एक फोटो घेतला. एकच.

सहाची घंटा झाली. करंजवाडीची शेवटची गाडी सव्वासहाची. भानुदास उठला, शहाळं कपाटावर ठेवलं, चादरीबाहेरच्या पावलावर डोकं ठेवलं आणि निघाला. “परवा येतो म्हनावं,” म्हणाला.

तो गेला आणि दहा मिनिटांत हौसाबाई जाग्या झाल्या! असा संताप आला म्हणून सांगू. मी त्यांच्याजवळ गेलो. सिस्टरांनी बघून न बघितल्यासारखं केलं.

“आजी, भानुदास आला होता. तासभर बसला होता. आत्ता गेला. हे बघा शहाळं.”

हौसाबाईंनी शहाळ्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. रागावल्या असत्या तर परवडलं असतं. त्यांनी माझा हात थोपटला.

“किती खोटं बोलाल वो बाबा, माज्यापायी,” त्या म्हणाल्या. “बसा. दमला आसाल.”

“आजी, खरंच! सिस्टरांना विचारा!”

“त्याबी चांगल्या हाईत,” त्या म्हणाल्या.

मी धावतच स्टुडिओत गेलो. लगेच रीळ धुवायला घेतलं. एकच फोटो, तोही कमी उजेडात. हलला असता, काळा पडला असता, तर मी खरं बोललो, हे हौसाबाईंना मला कधीच पटवता आलं नसतं. ट्रेमधल्या औषधात कागदावर हळूहळू काळं-पांढरं उमटायला लागलं. आला होता. पण भानुदासचा चेहरा कुठेच नव्हता. तो खाली वाकलेला. दिसत होती ती फक्त त्याची पाठ आणि डोकं. हे कुणाचंही डोकं असू शकलं असतं.

तरी दुसऱ्या दिवशी चार वाजता घेऊन गेलो. हौसाबाईंनी फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब नेला.

“दोन भवरं,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“डोक्यात बगा. दोन भवरं हाईत. न्हाऊ घालताना रोज बगायची मी.” त्यांचं बोट फोटोवरच्या त्या केसांवरून फिरायला लागलं. “भानू हाय ह्यो. माजा भानू हाय.” आणि एकदम माझ्याकडे बघून मिश्कील हसल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. “टोपी कुटं हाय वो, फोटूवालं?”

मीही हसलो आणि मलाही रडू आलं.

“आन ह्यो कोन?” त्यांनी फोटोचा वरचा कोपरा दाखवला. खिडकीच्या गजाला बांधलेल्या आरशात दार आलं होतं आणि दारात एक माणूस. तोंडापुढे कॅमेरा. “त्वांड दिसंना. पन तुमीच ह्ये. बरं झालं. तिगंबी आलो फोटूत.”

मी शेकड्याने फोटो काढले होते. माझा कुणी काढला नव्हता.

भानुदास खरंच परवा आला. मग दर दोन दिवसांनी येऊ लागला. एकदा बायको-मुलाला घेऊन आला. आता चार वाजता मी गेलो, की स्टुलावर तो असायचा. उठून मला जागा द्यायचा, मी ‘बसा, बसा’ म्हणायचो आणि उभाच राहायचो. त्यांची बोलणी चालायची, रोपांची, शेरडांची, कुणाच्या कुणाच्या लग्नाची. मला हे हवं होतं, मी ते करंजवाडीला जाऊन आणलं होतं. आणि आता ते समोर बघताना मला आपण तिथे उगाच उभे आहोत असं वाटायला लागलं. एक दिवस मी पाच वाजताच निघालो. मग एक दिवस गेलोच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. कुणाला काय कळणार आहे, असं मनात म्हणत स्टुडिओत बसून राहिलो. हा रुसवा होता, दुसरं काही नाही. कबूल करायला लाज वाटते, पण होता.

तिसऱ्या दिवशी मात्र राहवेना. शहाळं घेतलं आणि चारला गेलो. नऊ नंबरच्या खाटेवर कुणी वेगळीच बाई होती, भोवती तिची पाच-सहा माणसं. विटा नव्हत्या, कप्पी नव्हती.

साळवे सिस्टर आरसा घेऊन आल्या. सुतळी त्यालाच गुंडाळून ठेवली होती.

“काल गेल्या,” त्या म्हणाल्या. “मुलगा दुपारी बारालाच टेंपो घेऊन आला होता. पण आजी हलायला तयार नाहीत. म्हणे, फोटूवाला चारला येतो, त्याला भेटल्याबिगर न्हाई जायाची. मुलाने बराच वेळ समजावलं. शेवटी टेंपोवाला कुरकुरायला लागला, तरी सहाची घंटा होईपर्यंत थांबवून ठेवलं त्यांनी सगळ्यांना.” सिस्टरांनी आरसा माझ्या हातात दिला. “या आरशात बघत होत्या. कुणी दारात आलं, की हात वर करायच्या.”

मी आरसा काखेत धरला, शहाळं त्या नव्या बाईच्या कपाटावर ठेवलं आणि बाहेर पडलो.

आरसा अजून माझ्या स्टुडिओत आहे. करंजवाडीला जायचं मी रोज ठरवायचो. स्टुडिओ स्टँडसमोरच. साडेदहाची एस.टी. माझ्या दारावरूनच वळायची आणि मी बघत बसायचो. पाऊण तासाचा तर रस्ता. मी एकदाही गेलो नाही.